‘नवा झुंजार आलाय का?’ : रहस्यकथा मागायच्या पद्धतीची पार्श्वभूमी

वाचनालयात रहस्यकथा मागायची मराठी पद्धत बराच काळ एकच होती, नायकाचं नाव घ्यायचं. ‘नवा झुंजार आलाय का?’ किंवा ‘काळापहाड कोण घेऊन गेलंय?’ एवढं पुरे व्हायचं. लेखकाचं नाव घ्यायची गरज नसे, कारण दोघांचे कर्ते एकच, बाबूराव अर्नाळकर. गोष्ट कुठल्या गावात घडते, विषय काय, हे कोणी विचारत नसे. आता मात्र कोल्हापुरातला वाचक वाचनालयात येऊन म्हणतो, ‘कोर्टातलं काही द्या’, ‘आपल्या भागात घडणारं आहे का काही?’ पुस्तकं शोधून देणारा मग कपाटांकडे बघत उभा राहतो. दोष त्याचा नाही. आपल्या रहस्यकथेचा जन्मच असा झाला, की तिला गाव मिळायला फार उशीर लागला.

सुरुवात रूपांतरांपासून होते. गो. ना. दातारांनी (१८७३–१९४१) रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना देशी पेहराव चढवला आणि भुयारं, कट, वेषांतरं यांनी मराठी वाचकाला वेड लावलं. पुढच्या रहस्यकथाकारांनीही इंग्रजी कथानकांचा आधार सढळ हाताने घेतला. यात कमीपणा मानायचं कारण नाही, पण एक अडचण त्यातून उरली. लंडनमध्ये रचलेला गुन्हा आपल्याकडे आणताना रस्त्याचं खरं नाव घालता येत नाही. घातलं, तर वाचक लगेच म्हणतो, ‘तिथं असली गल्लीच नाही.’ मग घटना ‘शहराबाहेरच्या एका एकाकी बंगल्यात’ घडू लागल्या. शहर कुठलं, बंगला कोणाचा, पोलीस चौकी किती लांब, हे सगळं धूसर. स्पष्ट उरला तो फक्त नायक, आणि वाचकांनी धरून ठेवला तोही नायकच.

संख्येनेही हातभार लावला. अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आटोपशीर पुस्तक, संध्याकाळी भाड्याने न्यायचं, रात्री संपवायचं, सकाळी परत. एवढ्या वेगात निवड करायची तर एखादी ठळक खूण लागते आणि झुंजार ती होता. गुरुनाथ नाईकांनी गोलंदाज, शिलेदार, कॅप्टन दीप उभे केले तेही याच वाटेने. सुहास शिरवळकरांपाशी (१९४८–२००३) मात्र थोडा फरक पडला. अमर विश्वास, मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी असे त्यांचे नायक वेगवेगळ्या जातकुळीचे. अमर विश्वास वकील. त्यामुळे ‘अमर विश्वास द्या’ म्हणणारा वाचक नकळत विषयच मागत होता, कोर्ट. नावाआडून विषय मागायची ही युक्ती मला फार आवडते.

कोल्हापूरची गोष्ट यात वेगळी, कारण इथे नायकाऐवजी लेखक मागायची सवय लागली ती बाबा कदमांमुळे. वीरसेन आनंदराव कदम (१९२९–२००९) हे पेशाने सरकारी वकील. गुन्हा त्यांना इंग्रजी पुस्तकातून आणावा लागला नाही, तो रोज समोर कागदावर येत होता. फिर्याद, पंचनामा, फिरलेला साक्षीदार, उलटतपासणीत घाम फुटलेला माणूस, हे सगळं त्यांना आतून ठाऊक. कोल्हापूर संस्थान १९४९ च्या १ मार्चला मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. ऐट शिल्लक आणि सत्ता गेलेली, अशी जुनी घराणी त्यांच्या पिढीने जवळून पाहिली. घोडे, बंदुका, वाडे आणि भाऊबंदकी त्यांच्या कादंबरीत सजावटीसाठी येत नाहीत, त्यांच्यामुळेच गुन्हा घडतो. भाषा साधी, कधीकधी फारच साधी आणि योगायोगांना जरा जास्तच मोकळीक. तरीही दक्षिण महाराष्ट्राची माती लोकप्रिय कादंबरीत आणल्याचं श्रेय मी त्यांनाच देईन. ‘बाबा कदम द्या’ या मागणीत लेखक, कोर्ट आणि मुलूख तिन्ही एकदम येत.

वाचनालयांच्या मांडणीने मात्र या फरकाची दखल घेतली नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, म्हणजे झुंजारच काय, दातारांच्याही आधीचं. पण ग्रंथालयांच्या प्रचलित दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीला एकच आकडा, ८९१.४६३. खून असो वा प्रेमभंग, दोघे शेजारीशेजारी. म्हणून शिफारस नेहमी माणसाच्या तोंडून झाली, नोंदवहीतून कधीच नाही.

‘विषय सांगा’ ही सवय खरं तर अनुवादांनी लावली. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स, अशोक जैनांनी आणलेला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा आणि पुढे मेहता पब्लिशिंग हाऊसचे रॉबिन कुक. मेहतांची पाळंमुळं कोल्हापूरच्या अजब पुस्तकालयातली, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. हे अनुवाद गाव लपवत नव्हते. कोलकाता कोलकाताच राहिलं. इस्पितळातला गुन्हा हवा तर कुक, खटला हवा तर ग्रिशॅम, अशी विभागणी वाचकाच्या डोक्यात पक्की झाली आणि मग तो मराठी कपाटाकडेही त्याच नजरेने बघू लागला. जाता जाता एक तक्रार. गुन्हा मागणाऱ्याच्या हातात भयकथा लिहिणारे नारायण धारप ठेवू नयेत. भीती आणि तपास ही दोन वेगळी दुकानं आहेत. धारपांचा वाचक उत्तर मिळेल म्हणून वाचत नाही.

आपल्या गावातल्या गुन्ह्याची मागणी अजून पुरी होत नाही. सामग्रीची वाण नाही. गुजरीतली सोन्याची उलाढाल, ऊसतोडीच्या हंगामात येणाऱ्या टोळ्या, पावसाळ्यात पन्हाळ्यावर हातभर अंतरावरचंही दिसू न देणारं धुकं, भर वस्तीतला बिंदू चौकाचा तुरुंग. १८ ऑगस्ट २०२५ पासून तर सीपीआर इस्पितळासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही बसतं आहे. पण अशी कादंबरी येत नाही तोवर ‘कोल्हापुरातलं काही?’ या प्रश्नावर टेबलापलीकडून बाबा कदमच पुढे सरकवले जातात. ‘वाचलंय की हे,’ असं म्हटलं, तर उत्तर ठरलेलं, ‘मग परत वाच.’