मॅजिक किंगडम: हॅलोवीनची पार्टी की ख्रिसमसची?
फ्लोरिडाला जाणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कात दरवर्षी दोन मोसमी पार्ट्या होतात. मिकीज नॉट-सो-स्केरी हॅलोवीन पार्टी ऑगस्टच्या मध्याला सुरू होते आणि ३१ ऑक्टोबरला संपते. मिकीज व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी साधारण ८-९ नोव्हेंबरपासून २०-२१ डिसेंबरपर्यंत असते. दोन्ही रोज नसतात, आठवड्यातल्या ठरावीक रात्रीच असतात. दोन्हींना वेगळं तिकीट लागतं आणि दोन्हींची वेळ संध्याकाळी ७ ते रात्री १२.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: एकाच पार्टीपुरते पैसे असतील तर ते हॅलोवीनवर घाला. हॅलोवीनची परेड, आतषबाजी आणि खाऊवाटप पार्टीच्या तिकिटाशिवाय बघायला मिळत नाही. साध्या तिकिटात मिळते ती मेन स्ट्रीट या पार्कातल्या मुख्य रस्त्यावरची भोपळ्यांची सजावट, बस. ख्रिसमसचं तसं नाही. पार्ट्या संपल्या की साधारण २२ ते ३१ डिसेंबर या दिवसांत तीच ख्रिसमस परेड आणि बहुतेक रात्री तीच आतषबाजी साध्या तिकिटावर दाखवतात. मोठं झाड आणि सगळी सजावट तर नोव्हेंबरपासूनच फुकट. त्या दहा दिवसांत गर्दी मात्र वर्षातली सगळ्यात जास्त असते. परेडसाठी तास-दीड तास आधी फुटपाथवर जागा धरून बसायची तयारी नसेल, तर ख्रिसमस पार्टीचे पैसे वाजवी आहेत.

तिकिटाचा हिशोब

२०२५ मध्ये हॅलोवीन पार्टीचं मोठ्यांचं तिकीट ११९ डॉलरपासून सुरू होऊन २२९ डॉलरपर्यंत गेलं. ख्रिसमसचं १६९ ते २२९ डॉलर. वर साडेसहा टक्के विक्रीकर लागतो, तो जाहिरातीतल्या आकड्यात धरलेला नसतो. म्हणजे ११९ चे प्रत्यक्षात सुमारे १२७ होतात आणि १६९ चे १८०. स्वस्त रात्री ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सापडतात. ३१ ऑक्टोबर आणि ख्रिसमसच्या अगदी आधीच्या रात्री सर्वांत महाग. दहा वर्षं पूर्ण झाली की मोठ्यांचं तिकीट, ३ ते ९ वयाला थोडंसंच कमी, तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

पार्टीचं तिकीट असलं की दुपारी ४ पासूनच आत सोडतात. म्हणजे ४ ते १२ असे आठ तास त्याच तिकिटात मिळतात. त्या दिवशी पार्कचं वेगळं तिकीट काढू नका. सकाळ हॉटेलच्या तरणतलावात घालवा, जेवून झोप काढा आणि साडेतीनला फाटकाशी या. आमच्याकडे येणाऱ्या आराखड्यांमध्ये सर्वांत जास्त वाया जाणारे पैसे याच दुहेरी तिकिटाचे असतात.

उलटी चूकही होते. पार्टीच्या दिवशी साध्या तिकिटावर गेलात तर संध्याकाळी ६ ला पार्क तुमच्यापुरतं बंद होतं. मनगटावर पार्टीचा पट्टा नसेल तर राइडच्या रांगेतूनही परत पाठवतात आणि रात्रीची आतषबाजी हुकते. मुलांना आतषबाजी दाखवायची असेल तर साध्या तिकिटासाठी पार्टी नसलेला दिवस निवडा. आतषबाजीचं काही वाटत नसेल तर मात्र पार्टीचा दिवस चांगला, कारण लोक तो टाळतात आणि दुपारपर्यंत रांगा आखूड राहतात.

तिकीट तारखेला बांधलेलं असतं आणि पैसे परत मिळत नाहीत. म्हणून आधी व्हिसा हातात, मग पार्टीचं तिकीट. हा क्रम बदलायला आम्ही कुणाच्याही आग्रहाने तयार होत नाही.

दिवाळीच्या सुटीत जाणार असाल तर

सुटी कुठे पडते त्यावर सगळं ठरतं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे हॅलोवीन संपलेलं आणि ख्रिसमस पार्टी नुकती सुरू होणार. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला आहे, म्हणजे हॅलोवीनच्या शेवटच्या आणि महागड्या रात्री. १ ते ७ नोव्हेंबरच्या सुमारास एक पोकळ आठवडा असतो. भोपळे उतरलेले, झाड चढत असलेलं आणि दोन्हींपैकी एकही पार्टी नाही. तारखा लवचीक असतील तर हा आठवडा सोडून पुढे सरका. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा थँक्सगिव्हिंगचा. त्या आठवड्यात विमान, हॉटेल, रांगा सगळंच चढं.

परेड

पार्टीचा खरा ऐवज इथे आहे आणि इथे हॅलोवीन सरस ठरतं. बू-टू-यू परेडच्या काही मिनिटं आधी रस्त्यावरचे दिवे मंद होतात आणि काळ्या घोड्यावरून बिनमुंडक्याचा स्वार हातात पेटता भोपळा घेऊन भरधाव निघून जातो. मोबाईलचा कॅमेरा उघडेपर्यंत तो गेलेला असतो, तेव्हा निदान पहिल्यांदा तरी डोळ्यांनी बघा. रस्ता ओला असेल तर घोडा घसरू नये म्हणून स्वाराला आणत नाहीत. पाऊस थांबला, परेड निघाली आणि स्वार नाही, असं यामुळेच होतं.

मधल्या भागात हाँटेड मॅन्शन या भुताच्या वाड्याच्या राइडमधल्या कबरी खोदणाऱ्यांचं पथक येतं. तालात नाचता नाचता ते लोखंडी फावडी डांबरी रस्त्यावर घासत नेतात आणि पात्याखालून केशरी ठिणग्यांची रेघ उडते. हे पहिल्या ओळीतूनच दिसतं. तिसऱ्या ओळीत नुसता खर्र आवाज ऐकू येतो. लहान मूल खांद्यावर घेण्यापेक्षा कडेला फुटपाथवर बसवा.

वन्स अपॉन अ ख्रिसमसटाइम परेड मऊ आहे: लाकडी सैनिकांचं बँडपथक, हरणं, शेवटी सांताक्लॉज. जिंजरब्रेडचा रथ जवळ आला की आलं-दालचिनीच्या बिस्किटांचा वास रस्त्यावर पसरतो. ज्यांची मुलं तीन-चार वर्षांची आहेत त्यांना हीच परेड जास्त मानवते.

वेळा साधारण अशा असतात: हॅलोवीनची परेड सव्वानऊ आणि सव्वाअकराला, ख्रिसमसची साडेआठ आणि अकराला. जागं राहता येत असेल तर दुसरी परेड धरा. पहिलीनंतर लहान मुलांची कुटुंबं निघून जातात आणि तीच जागा दहा मिनिटं आधी येऊनही मिळते. परेड फ्रंटियरलँड या पार्कातल्या भागाकडून निघून मेन स्ट्रीटवर संपते. फ्रंटियरलँडमध्ये ती आधी पोहोचते आणि तिथे गर्दीही कमी असते. मेन स्ट्रीटला दिवे आणि सजावट अधिक आहे, पण ताटकळत उभं राहावं लागतं.

दोन्ही आतषबाज्या दहाच्या सुमाराला असतात आणि दोन्हींत पार्कातल्या किल्ल्यावर प्रकाशाने चित्रं पाडतात, म्हणून समोरूनच बघाव्यात. बाजूने नुसते बार दिसतात.

राइड आणि पात्रं

लाइटनिंग लेन, म्हणजे पैसे देऊन रांग टाळायची सोय, पार्टीत चालत नाही. फारसं बिघडत नाही, कारण रात्री बऱ्याच राइडच्या रांगा दिवसापेक्षा लहान असतात. मात्र पार्टीचे पाच तास राइडवर घालवले तर जादा पैसे कशाला मोजले, असा प्रश्न पडतो. रांगा खऱ्या वाढतात त्या डिस्नेच्या पात्रांना भेटून फोटो काढण्याच्या. 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' चित्रपटातला जॅक स्केलिंग्टन आणि स्नो व्हाइटचे सात बुटके यांच्यापुढे पार्टी सुरू होण्याआधीच लोक उभे असतात. हॅलोवीनला जॅक नेहमीच्या वेषात असतो, ख्रिसमसला सांताच्या. त्याच्यासोबतचा फोटो हवाच असेल तर दुपारी ४ ला आत शिरल्याबरोबर आधी त्याची रांग कुठे लागते ते विचारा, बाकीचं नंतर.

कपडे

एरवी १४ वर्षं आणि त्यावरच्या कुणालाही वेष करून पार्कात येता येत नाही. हॅलोवीन पार्टीत ती मुभा आहे, ख्रिसमस पार्टीत नाही. ख्रिसमसला लोक एकसारखे भडक स्वेटर घालतात, तेवढं चालतं. हॅलोवीनला मोठ्यांनी मुखवटा घालायचा नाही, कपडा जमिनीवर लोळता कामा नये, अंगाला सगळीकडून वेढणारा चौकटीचा वेष नको आणि खऱ्यासारखं दिसणारं शस्त्र तर अजिबात नको. मुलांना मुखवटा चालतो, पण डोळे दिसले पाहिजेत. नियम तोडलात तर फाटकावरच उतरवायला लावतात, म्हणून आत साधा सुती कपडा असू द्या. तो दुसऱ्या कारणानेही लागतो. सप्टेंबरमध्ये ऑरलँडोत ३२ अंश आणि वर दमट हवा असते. पॉलिएस्टरचा झगा घातलेलं मूल आठ वाजता रडायला लागतं.

खाऊ

हॅलोवीनला पिशवी देतात आणि पार्कभर ठिकठिकाणी मूठमूठ गोळ्या-चॉकलेटं घालतात, मोठ्यांनाही. कितीदाही फिरा. शाकाहारी कुटुंबांनी पाकिटं वाचल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नयेत. अमेरिकेतल्या स्टारबर्स्ट गोळ्यांमध्ये प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, स्निकर्समध्ये अंड्याचा पांढरा भाग. शेंगदाण्याची किंवा इतर ॲलर्जी असेल तर सुरुवातीलाच सांगा. हिरवट निळ्या रंगाची वेगळी पिशवी मिळते आणि चालेल असा खाऊ ठरावीक केंद्रांवर दिला जातो. चॉकलेटं उकाड्यात वितळून पिशवीत लगदा होतो, म्हणून झिपची पिशवी सोबत ठेवा.

ख्रिसमसला कुकी आणि गरम कोको फुकट मिळतात, तेही पुन्हा पुन्हा. बहुतेक कुकीजमध्ये अंडं असतं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या. चाळीस डॉलरचा खाऊ खाल्ला, पैसे वसूल झाले, हा हिशोब कुठल्याच पार्टीत जमत नाही. रात्रीचं जेवण साडेपाच-सहाच्या दरम्यान उरकून घ्यावं, नंतर परेड आणि रांगांत वेळ उरत नाही.

पाऊस, वादळ आणि साबणाचा बर्फ

फ्लोरिडाचा चक्रीवादळाचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. हॅलोवीन पूर्ण त्यात येतं. साध्या पावसासाठी पैसे परत देत नाहीत. पार्क बंदच झालं तर गोष्ट वेगळी. १० ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन वादळामुळे ते दिवसभर बंद होतं. वादळाच्या दिवसांत पार्टी सहलीच्या शेवटच्या रात्री ठेवू नका, पुढे सरकवायला जागा राहू द्या. पावसाळी कोट घरूनच न्या. छत्री परेडमध्ये मागच्यांना त्रास देते.

डिसेंबरच्या रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो. दुपारी टी-शर्ट आणि अकराला जॅकेट, असं दोन्ही लागतं. मेन स्ट्रीटवर छपरांवरच्या यंत्रांतून बर्फ पडतो, तो साबणाचा फेस असतो. काळ्या बाहीवर पडलेला कण वितळत नाही, बारीक बुडबुडा होऊन फुटतो. मुलं हमखास जीभ बाहेर काढतात, त्यांना आधीच सांगा की चव कडू आहे. चष्म्यावर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर डाग पडतात, कोरडा रुमाल खिशात असू द्या.

झोप

हा मुद्दा ग्राहक सर्रास विसरतात. ऑरलँडोत संध्याकाळी ७ वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे साडेचार, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ मागे गेल्यावर साडेपाच. नुकतंच उतरलेलं शरीर नेमकं गाढ झोपेच्या वेळेत परेडला उभं असतं. पोहोचल्यावर पहिल्या तीन रात्री पार्टी ठेवू नका, चौथी किंवा पाचवी ठेवा. तरीही दुपारची झोप आणि मागे कलणारी बाबागाडी लागतेच.

चुकीचं तिकीट

ऑरलँडोतच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कात हॅलोवीन हॉरर नाइट्स असतात. नाव सारखं वाटतं, पण तो खराखुरा भीतीचा खेळ आहे. १३ वर्षांखालच्यांना नको, असं ते स्वतः सांगतात आणि वेष करून आत सोडत नाहीत. डिस्नेची पार्टी नावाप्रमाणेच फारशी भीतीची नाही. युनिव्हर्सलचा ख्रिसमस मात्र बव्हंशी साध्या तिकिटातच असतो.

बुकिंगला येताना प्रत्येकाच्या पासपोर्टप्रमाणे नाव, प्रवासाच्या तारखेला मुलांचं वय, ॲलर्जी असल्यास ती आणि पसंतीच्या किमान तीन रात्री लिहून आणा. पार्टीची तिकिटं मे ते जुलैच्या दरम्यान विक्रीला येतात आणि शेवटच्या आठवड्यांतल्या रात्री संपून जातात.