नियम-परिणाम मूल्यमापन

शासन, महापालिका किंवा नियामक आयोग नवा नियम लागू करण्याआधी काही प्रश्न आकड्यांनिशी तपासतो: खर्च कोणावर पडेल, लाभ कोणाला होईल आणि तोच हेतू कमी जाचक मार्गाने साधेल का? या तपासणीला नियम-परिणाम मूल्यमापन म्हणतात. 2006 च्या अधिसूचनेनुसार होणारे पर्यावरणीय मूल्यांकन धरण, खाण यांसारख्या प्रकल्पांचे असते. इथे तपासला जातो तो नियमच.

अमेरिकेत 1981 च्या अध्यक्षीय आदेशाने मोठ्या नियमांसाठी खर्च-लाभ विश्लेषण सक्तीचे झाले. वर्षाला 10 कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक परिणाम असलेला नियम मोठा मानला गेला. युरोपीय आयोगाने 2002 नंतर आपली पद्धत बसवली, तर ब्रिटनमध्ये 2009 पासून स्वतंत्र समिती अशा अहवालांचा दर्जा तपासते. तपासणारा हात नियम लिहिणाऱ्या हातापेक्षा वेगळा असणे फार महत्त्वाचे, कारण आपल्याच मसुद्याविरुद्ध अहवाल देणारे खाते विरळाच.

काम सुरू होते ते समस्या नेमकी मांडण्यापासून आणि नियम न केल्यास काय घडेल याच्या अंदाजापासून. हा पायाच सर्वाधिक वेळा चुकतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावण्यास शुल्क आकारायचे आहे असे समजा. तुलना आजच्या गर्दीशी करून भागत नाही. मेट्रो आणि बसफेऱ्यांमुळे शुल्काविनाही पुढे जो बदल होणार, त्याच्याशी ती करावी लागते. एरवी मेट्रोचे श्रेय शुल्काच्या खात्यात जमा होते. मग पर्याय तोलायचे: सरसकट शुल्क, फक्त गर्दीच्या वेळी शुल्क, वेळेची मर्यादा, की आहे तोच नियम कडकपणे राबवणे. गाड्या रस्त्यावरून हटून पेठांतल्या गल्ल्यांत शिरल्या, तर तो त्रासही खर्चात धरावा लागतो. मोजणी एकाच रस्त्यापुरती केली तर तो दिसतच नाही. पुण्यात 2018 मध्ये मंजूर झालेले पार्किंग धोरण सुरुवातीला मोजक्याच रस्त्यांपुरते ठरले आणि त्याचा अंमल पुढे रेंगाळला. वसुली कोण करणार आणि दंड कोण आकारणार, हे प्रश्न मूल्यमापनाच्या टप्प्यावरच सोडवायचे असतात.

कागदपत्रांचा भार काढण्याची रीत सोपी आहे: लागणारे तास, तासाचा मेहनताना, अर्जदारांची संख्या आणि वर्षातील खेपा यांचा गुणाकार. समजा 5,000 दुकानदारांना वर्षातून एकदा 4 तास खर्चून विवरण भरायचे आहे आणि तासाचे मोल ₹150 आहे. भार ₹30 लाख होतो. तेच विवरण तिमाही केले की ₹1 कोटी 20 लाख. मसुद्यात मात्र फक्त एक शब्द बदललेला दिसतो!

पुढच्या वर्षांतले लाभ आजच्या मोलात आणताना वटाव दर लावतात, म्हणजे उशिरा मिळणारा पैसा दरवर्षी किती टक्क्यांनी कमी मोलाचा धरायचा तो दर. 10 वर्षांनी मिळणाऱ्या ₹1 कोटीचे आजचे मूल्य 3 टक्के दराने सुमारे ₹74 लाख, तर 7 टक्क्यांनी सुमारे ₹51 लाख येते. दर निवडण्यातच निकाल फिरू शकतो, म्हणून दोन्ही आकडे छापणे हाच प्रामाणिक मार्ग. बेरीज लाभाची आली तरी वाटणी वेगळी दाखवलीच पाहिजे. मोठ्या मॉलला किरकोळ वाटणारा खर्च हातगाडीवाल्याची दिवसाची कमाई खाऊ शकतो.

भारतात हे सर्व नियमांना बंधनकारक करणारा एकच कायदा नाही. 2014 च्या कायदेपूर्व विचारविनिमय धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयांनी मसुदा किमान 30 दिवस जनतेपुढे ठेवावा आणि त्यासोबत आर्थिक भार, पर्यावरण व उपजीविकेवरील परिणाम सांगावेत असे अपेक्षित आहे. ते वैधानिक नसल्याने पाळले नाही तरी नियम टिकतो. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉल तुटल्याबद्दल भरपाई देण्याचा दूरसंचार नियामकाचा विनियम रद्द केला आणि मसुद्यावर जनतेची मते मागवण्याबाबत संसदेने कायदा करावा असे सुचवले.

महाराष्ट्रात विकास नियंत्रण नियमावलीतला (शहरातील बांधकामाच्या नियमांतला) किरकोळ फेरबदल नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली होतो. राजपत्रात सूचना, एक महिन्यात हरकती व सूचना, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी असा तो क्रम. ही सुनावणी आहे, मूल्यमापन नव्हे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप विकास आराखड्यावर 87 हजारांच्या आसपास हरकती आल्या. 2015 मध्ये तो राज्य शासनाने हाती घेतला आणि मंजुरीला 2017 उजाडले. आरक्षणे व रस्तारुंदीचा परिणाम वस्तीनिहाय आकड्यांत आधीच मांडला, तर हरकती नेमक्या येतात आणि सुनावणी वेगाने चालते. वीज दरांच्या सुनावण्यांत हा फरक दिसतो: तिथे कंपनीला हिशेब मांडावा लागतो, म्हणून वीज धोरणाचा अभ्यास करणाऱ्या, पुण्यातल्या ‘प्रयास’सारख्या संस्थांना आकड्याला आकड्याने उत्तर देता येते.

नागरिकाच्या हाती माहिती अधिकार कायद्याचे कलम 4(1)(ग) आहे. महत्त्वाचे धोरण आखताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य ते शासकीय कार्यालयांवर टाकते. हरकत नोंदवताना या कलमाचा उल्लेख करून मसुद्यामागची गणिते मागावीत आणि अर्जाची पोच घ्यावी. नियम लागू झाल्यावर अंदाज व प्रत्यक्ष यांची तुलना कधी करायची, ती तारीखही मसुद्यातच असावी असा आग्रह धरावा. अंमलानंतरचा आढावा बहुतेक ठिकाणी होतच नाही, कारण तो करण्याचे काम कोणाचे हे नियमात लिहिलेलेच नसते.