लेकराला तापात झटका येतो तेव्हा मेंदूत नेमकं काय होतं

तापलेल्या लेकराचं अंग एकदम ताठ झालं, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला की परभणी काय, हिंगोली काय नि बीड काय, पहिली आरोळी एकच, चप्पल आणा नाहीतर कांदा फोडा. मी एसटीत हे डोळ्यानं बघितलंय. दीड-दोन वर्षांची पोर, तिच्या मायनं तिला मांडीवर गच्च दाबून धरलेलं, दातखीळ बसलेली, आणि शेजारचे एक बाबा चमच्याचा दांडा तिच्या दातांत घालायला बघत होते, हिरडीतून रक्त यायला लागलं तरी थांबेनात. एकानं नाकाशी चप्पल धरली, दुसऱ्यानं मुठीत किल्ल्या कोंबल्या. दोन-तीन मिनिटांत झटका थांबला आणि सगळं श्रेय चपलेला गेलं.

आता खरी गोष्ट अशी की ६ महिने ते ५ वर्षं या वयातल्या शंभरातल्या २ ते ५ लेकरांना तापात असा झटका येतो आणि त्यातले बहुतेक झटके ५ मिनिटांच्या आत आपोआपच थांबतात, चप्पल असो नसो. बहुतेकांना पुढं मिरगीही होत नाही. पण ताप तर सगळ्याच लेकरांना येतो, मग झटका काहींनाच का? याच्या उत्तराचा एक तुकडा एका जीनमध्ये, म्हणजे जनुकात, सापडलाय आणि तो मला फार आवडतो, म्हणून आज तोच सांगतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांनी निरोप देतात. ग्लुटामेट हे चेतवणारं, गॅबा हे शांत करणारं. गॅबा मेंदूत असतं हे १९५० साली कळलं. पण नुसतं गॅबा असून भागत नाही, ते ओळखणारा रिसेप्टर पेशीच्या आवरणावर लागतो. हा रिसेप्टर म्हणजे पाच प्रोटीनच्या तुकड्यांचं कडं, मधे बारीक बोगदा. मेंदूत जास्त करून दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा अशी जुळणी असते. गॅबा येऊन चिकटलं की बोगदा उघडतो, बाहेरचे क्लोराइड आयन आत शिरतात, ते ऋण प्रभाराचे, त्यामुळं पेशीची आतली बाजू आणखी ऋण होते आणि ती पेशी पुढचा निरोप पाठवायला सहजासहजी तयार होत नाही. असे तुकडे बनवणारे माणसात १९ जीन आहेत. त्यातला गॅमा-२ नावाचा तुकडा बनवणारा जीन म्हणजे जीएबीआरजी२, पाचव्या क्रोमोसोमच्या लांब बाजूवर बसलेला.

२००१ साली या जीनमधले बिघाड दोन घराण्यांत सापडले, एक ऑस्ट्रेलियातलं आणि एक फ्रान्समधलं. दोन्हीकडं पिढ्यानपिढ्या तापातले झटके किंवा मिरगी. ऑस्ट्रेलियातल्या घराण्यात गॅमा-२ मधल्या ४३ व्या जागेवर आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आलेलं, प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळीच, त्या शेकडोंच्या साखळीत फक्त एक बदल! आईबापातल्या एकाकडून बिघडलेली प्रत आली तरी पुरते, म्हणजे प्रत्येक लेकरात ती येण्याची शक्यता निम्मी. आपल्याकडं बापाला यायचे, आता पोराला येतात असं दिसलं की लगेच घराण्याला काहीतरी लागलंय म्हणून देवऋषी गाठतात, लिंबू उतरवतात, अंगारा लावतात. लागलेलं काही नसतं हो, वारशानं जीन येतो, आणि या उताऱ्यापायी दवाखान्यात जायला उशीर होतो, याचा मला फार राग येतो.

पण ताप मधे कुठं आला? हे रिसेप्टर पेशीच्या आवरणावर कायमचे ठोकलेले नसतात. पेशीच्या आत ते तयार होतात, त्यांच्या साखळ्यांची नीट घडी बसते, पाच तुकडे जुळतात, मग ते वर आवरणावर जातात, काही वेळ काम करतात, परत आत ओढले जातात, काही पुन्हा वर येतात नि काही मोडून टाकले जातात, हे रात्रंदिवस चालू असतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचं तापमान ३७ वरून ४० अंशांवर नेलं. निरोगी रिसेप्टरना काही झालं नाही. पण ज्या पेशींत बिघडलेला गॅमा-२ होता तिथले रिसेप्टर १० मिनिटांत आवरणावरून कमी व्हायला लागले, वर पोचणारे कमी आणि आत ओढले जाणारे जास्त! म्हणजे जायकवाडीत पूर येतोय आणि नेमके तेव्हाच दरवाजे जाम होतायत, तसं. चेतवणारे निरोप चालूच, शांत करणारी सोय मात्र कमी झालेली.

यावरून तापात झटका आलेल्या प्रत्येक लेकरात हाच बिघाड असतो असं कुणी समजू नये. असे बिघाड मोजक्या घराण्यांत सापडलेत, अशा घराण्यांत सोडियम चॅनेलचा, म्हणजे पेशीत सोडियम आत सोडणाऱ्या बोगद्याचा, एससीएन१ए हा जीन जास्त वेळा सापडतो, आणि बाकीच्या बहुतेक लेकरांत बऱ्याच जीनचा थोडाथोडा हात असतो. तसंच ऑनलाइन गॅबाच्या गोळ्या मिळतात, मेंदू शांत होईल म्हणून, त्यावर पैसे घालवू नका, तोंडावाटे घेतलेलं गॅबा रक्तातून मेंदूत फारसं शिरतच नाही.

झटका थांबवायला डॉक्टर मिडाझोलाम देतात, नाकात मारायचा स्प्रेही मिळतो. हे औषध बरोबर अल्फा आणि गॅमा-२ यांच्या मधल्या खाचेत बसतं. ते स्वतः बोगदा उघडत नाही, पण गॅबा आलं की बोगदा जास्त वेळा उघडतो. आता झटका लांबला तर काय होतं बघा, निरोगी लेकरातही हे रिसेप्टर आवरणावरून आत ओढले जायला लागतात, म्हणजे औषधाला बसायला जागाच कमी उरते आणि जेवढा उशीर तेवढं औषध कमी लागू पडतं. म्हणून लेकराला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. ५ मिनिटं झाली तरी थांबेना तर १०८ ला फोन लावा नाहीतर मिळेल त्या गाडीनं जवळचा दवाखाना गाठा, आणि पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही त्याच दिवशी दाखवा, कारण मेंदूज्वरातही असाच झटका येतो नि बाहेरून बघून फरक कळत नाही.