मध्ये सोडलेली फट

रविवारच्या जुन्या बाजारात, गंजके पाने आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या शेजारी, एक हिरवट घडी पडली होती. 'मिलिटरीचा माल आहे साहेब. रेनकोट होतो, तंबू पण होतो,' विक्रेता म्हणाला. उलगडली तर रबर चढवलेलं चौकोनी कापड, मधोमध टोपी, दोन्ही कडांना टिचबटणं आणि कोपऱ्यांत पितळी कड्या. सिंहगड-राजमाचीवाली मंडळी ज्याला 'पोंचू' म्हणतात, तो पोंचो हाच. अलीकडे अशा मालाला 'व्हिंटेज' म्हणून तिप्पट भाव लावतात. मला तो जुना म्हणूनच मिळाला. घरी आणल्यावर त्याचा जुनेपणा बोटांना चिकटला. रबराला घाम सुटला होता. पाऊण डबा टाल्कम पावडर खर्ची पडली, तेव्हा कुठे घड्या सुटल्या.

पोंचो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांतला. लामा आणि अल्पाकाच्या लोकरीचे अंगरखे तिथे फार पूर्वीपासून विणले जात. स्पॅनिश लोकांनी घोडे आणि मेंढ्या आणल्या, आणि दोन्ही बाजूंनी उघडा असलेला पोंचो घोडेस्वारांच्या अंगावर दूरवर पसरला. लगाम धरायला हात मोकळे राहतात आणि मांड्याही झाकल्या जातात. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचं भोक. अस्सल हातमागाच्या पोंचोत ते बहुधा कापून पाडलेलं नसतं. दोन लांब पट्टे विणून शेजारीशेजारी ठेवतात, वरून आणि खालून जोडत आणतात आणि मध्ये डोक्यापुरती फट सोडतात. इतक्या कष्टाने विणलेल्या कापडाला कात्री कोण लावेल?

आपल्याकडे घोंगडीलाही कुणी कात्री लावली नाही, पण आपल्या लोकांनी फटसुद्धा सोडली नाही. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. धनगरांनी ती कातरायची आणि सणगरांनी खड्डामागावर विणायची. सुताला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते. पाऊस आला की तिचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून खोळ करायची, ती डोक्यावर घ्यायची आणि उरलेली पाठीवर सोडायची. भिजली तरी लोकर ऊब धरते. मात्र वजन दुपटीने वाढतं आणि वासाबद्दल न बोललेलं बरं. पाऊस थांबला की खोळ मोडते आणि रात्री तेच अंथरूण होतं. मध्ये फट असती तर निम्मे उपयोग गेले असते.

मावळ-मुळशीत भातलावणीला घोंगडी चालत नाही. तिथे इरलं: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, अलीकडे प्लॅस्टिकचा कागद. ते फक्त डोकं आणि पाठ झाकतं, कारण लावणी करणारी बाई दिवसभर वाकलेलीच असते; पुढच्या बाजूला पाऊस लागतोच कुठे? तान्ह्या बाळाची कुंचीही त्याच घराण्यातली, टोपी आणि पाठीवरचं पांघरूण एकत्र. (जाड लोकरीच्या पांघरुणाला खेड्यांत 'बुरणूस' म्हणत. उत्तर आफ्रिकेतल्या टोपीवाल्या झग्याचं अरबी नाव 'बुर्नुस'. शब्द एवढा प्रवास करून आला, टोपी मात्र वाटेत कुठे तरी राहिली.)

पाणी पूर्ण अडवणारं कापड आलं ते रबरामुळे. स्कॉटलंडमध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 साली कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालण्याचं पेटंट घेतलं. ते कोट उन्हात चिकट होत, थंडीत कडक होत आणि त्यांना घाणेरडा वास येई. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडलं की गंधक घालून तापवलं की रबर टिकाऊ होतं. त्यानंतर रबरी पोंचो अमेरिकन सैन्यात गेला आणि तिथल्या यादवी युद्धात हजारो सैनिकांच्या पाठीवर होता. अंगावर घ्या, चिखलात अंथरा, दोन जोडून आडोसा करा. जुन्या बाजारातला माणूस थाप मारत नव्हता तर. आपल्याकडे 1920 मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफ सुरू केलं. त्यांच्या रेनकोटांचं 'डकबॅक' हे नाव पुण्यातल्या मागच्या पिढीला सांगावं लागत नाही.

फॅशनवाला पोंचो 1960-70 च्या दशकांत पाश्चात्त्य तरुणाईने उचलला, क्रोशाचा, झालरींचा. आमच्या मावशीनेही एक विणला होता, खाली गोंड्यांची रांग. मांजर त्या गोंड्यांना लोंबकळायचं. फॅशनबद्दल मला याहून जास्त सांगण्यासारखं वाटत नाही.

पुण्याच्या रस्त्यावर पोंचो रुजला नाही, त्याचं कारण दुचाकी. स्कूटरवर वारा खालून शिरतो आणि सगळं कापड तोंडावर येतं. म्हणून इथे जॅकेट-पँटचा जोड आला आणि पोंचो डोंगरावर गेला. तिथे तो पाठीवरच्या सॅकसकट माणूस झाकतो.

गेल्या ज्येष्ठात पालखी पुण्यात शिरली तेव्हा मी तोच हिरवा पोंचो घालून रस्त्याच्या कडेला उभा होतो. पावसाची भुरभुर चालू होती. बहुतेक बायांच्या अंगावर प्लॅस्टिकचा कागद होता, वरचे कोपरे एकात एक खोचलेले. थेट घोंगडीची खोळ. त्यातली एक आजी टेकायला थांबली आणि माझ्याकडे निरखून बघायला लागली.

'माऊली, ह्याला मधी भोक कशापायी? रातच्याला अंथरायचं कसं?'

मी टोपीची दोरी ओढून गळा आवळून दाखवला. तिने स्वतः एकदा दोरी ओढली, गाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, 'मंग ठीक हाय.'