लक्ष्य नजरेआड गेल्यावर : तोफखान्याच्या संक्षिप्त भाषेची पार्श्वभूमी

बिनतारी संचावर समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही, तर नाटो परंपरेच्या सैन्यात कोणी 'रिपीट' म्हणत नाही; 'से अगेन' असे म्हणतात. याचे कारण तोफखान्यात आहे. माऱ्याचे दिग्दर्शन करणाऱ्या निरीक्षकाने 'रिपीट' हा शब्द उच्चारला की तोफांच्या ठिकाणी त्याचा एकच अर्थ लावला जातो : आताच जेवढे गोळे डागले तेवढेच, त्याच मोजमापांवर, पुन्हा डागा. दरम्यानच्या दोन मिनिटांत आपले पायदळ त्या जागेपर्यंत पोहोचलेले असेल, तर केवळ ऐकू आले नाही म्हणून सहज विचारलेल्या एका शब्दाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागेल. म्हणून हा शब्द तोफखान्याने स्वतःसाठी राखून ठेवला आणि बाकीच्या सैन्याने तो वापरायचे सोडून दिले.

तोफमाऱ्याच्या परिभाषेतले बरेचसे शब्द आणि आद्याक्षरे अशीच घडलेली आहेत. बाहेरच्या माणसाला ती गुप्ततेसाठी रचलेली सांकेतिक भाषा वाटते. तिचा इतिहास पाहिला तर मात्र दिसते ते वेगळेच. तोफ चालवणाऱ्याला लक्ष्य दिसेनासे झाले, त्याच्या डोळ्यांचे काम दूरवरच्या दुसऱ्या माणसाच्या शब्दांवर येऊन पडले, आणि त्या शब्दांत संदिग्धता राहिली तर काय होते हे अनुभवाने कळत गेले, तसतशी ही भाषा घट्ट होत गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अशा भाषेची फारशी गरज नव्हती. तोफ शत्रूच्या समोर उभी केली जाई, गोलंदाज तिच्या नळीवरून शत्रूकडे पाहून नेम धरी, गोळा कुठे पडला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाही आणि पुढच्या गोळ्यासाठी नळी वर-खाली करी. (मराठीत 'गोलंदाज' हा मुळात या माणसाचा शब्द, क्रिकेटने तो नंतर घेतला.) लांब पल्ल्याच्या, धूर न सोडणाऱ्या आणि एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलींनी ही पद्धत मोडून काढली. 15 डिसेंबर 1899 रोजी दक्षिण आफ्रिकेतील कोलेन्सोच्या लढाईत ब्रिटिशांच्या 12 मैदानी तोफा आपल्या पायदळाच्याही पुढे, उघड्या मैदानात नेऊन लावण्यात आल्या. नदीपलीकडे दडलेल्या बोअर बंदूकधाऱ्यांनी गोलंदाज टिपले, तोफा मैदानात एकट्या पडल्या आणि त्यांतल्या 10 अखेर शत्रूच्या हाती गेल्या. त्या परत आणण्याच्या प्रयत्नात फील्ड मार्शल रॉबर्ट्स यांचा एकुलता एक हयात मुलगाही प्राणांतिक जखमी झाला.

तोफ टेकडीमागे लपवून मारा करण्याची कल्पना त्याआधीच मांडली गेली होती. रशियाच्या तोफखान्यातील गुक या अधिकाऱ्याने 1882 मध्ये आडोशामागून मारा करण्याच्या पद्धतीचे विवेचन केले होते, आणि 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात दोन्ही बाजूंनी तिचा प्रत्यक्ष वापर केला. तोफ आडोशामागे गेली आणि नेमाची क्रिया दोन भागांत विभागली गेली : लक्ष्य पाहणारा एकीकडे, तोफ वळवणारा दुसरीकडे. दोघांमध्ये टेलिफोनची तार आली, आणि तारेवरून पाठवता येतील अशी मोजमापे लागू लागली.

त्यातले पहिले मोजमाप कोनाचे. अंशात आणि कलेत आकडेमोड करणे युद्धभूमीवर गैरसोयीचे होते, म्हणून 'मिल' हे माप रूढ झाले. एक मिल म्हणजे एक हजार मीटर अंतरावर सुमारे एक मीटर रुंदी ज्या कोनात मावते तो कोन. गोळा लक्ष्याच्या उजवीकडे पडला, दुर्बिणीतील रेघांवर ते अंतर 20 मिल भरले आणि लक्ष्य निरीक्षकापासून तीन किलोमीटरवर असेल, तर तो वीसाला तिनाने गुणतो आणि 'लेफ्ट 60' असे कळवतो. कागद-पेन्सिल लागत नाही. गणिताच्या काटेकोर हिशेबाने वर्तुळात असे सुमारे 6283 भाग भरतात. पण हा आकडा निम्म्याने, चतुर्थांशाने भागायला अवघड असल्यामुळे प्रत्येक परंपरेने आपल्या सोयीचा पूर्णांक निवडला. नाटोने 6400 घेतला, रशियाने 6000. रशियन पद्धतीत '30-00' म्हणजे बरोबर अर्धे वर्तुळ. तोच 3000 हा आकडा 6400 भागांच्या तबकडीवर लावला तर तोफेचे तोंड सव्वाअकरा अंशांनी चुकते आणि दहा किलोमीटरच्या पल्ल्यावर गोळा जवळजवळ दोन किलोमीटर बाजूला पडतो. दोन्ही परंपरांच्या तोफा एकाच सैन्यात आल्या, की कोणता आकडा कोणत्या तबकडीचा आहे याची खात्री आधी करून घ्यावी लागते, ती यामुळे.

या भाषेवर सर्वांत खोल ठसा पहिल्या महायुद्धाने उमटवला, असे माझे मत आहे. खंदकांतून ओढलेल्या टेलिफोनच्या तारांवर खरखर असे, आणि इंग्रजीतील बी, डी, पी, टी, व्ही ही अक्षरे कानाला सारखीच लागत. ब्रिटिश संदेशवाहक म्हणून अक्षरांऐवजी त्यांना दिलेली नावे उच्चारत : ए म्हणजे 'अ‍ॅक', डी म्हणजे 'डॉन', एम म्हणजे 'एमा', पी म्हणजे 'पिप', टी म्हणजे 'टॉक', व्ही म्हणजे 'व्हिक'. निरीक्षण चौकीची आद्याक्षरे ओपी. ती बोलताना 'ओ पिप' झाली. विमानविरोधी तोफांची आद्याक्षरे दोन ए. त्यांचे 'अ‍ॅक-अ‍ॅक' झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात 'अ‍ॅक'च्या जागी 'एबल' आले आणि 1956 पासून 'अल्फा' रूढ झाले, पण विमानविरोधी तोफांचे नाव 'अ‍ॅक-अ‍ॅक' ते 'अ‍ॅक-अ‍ॅक'च राहिले.

विमानांची गोष्ट याहून बोलकी आहे. 1914 च्या सप्टेंबरमध्ये, फ्रान्समधील एन नदीच्या लढाईच्या काळात, लुईस आणि जेम्स या ब्रिटिश वैमानिक अधिकाऱ्यांनी विमानातून बिनतारी संदेश पाठवून तोफांचा मारा सुधारून दाखवला. त्या वेळचे संच जड होते, त्यांत माणसाचा आवाज जात नसे. मोर्सची कळ दाबून टिंबे आणि रेघा तेवढ्या पाठवता येत. विमानातून संदेश खाली जाई, वर मात्र काही येत नसे. जमिनीवरची माणसे कापडाच्या पट्ट्या अंथरून उत्तर देत. विमान चालवत, शत्रूवर नजर ठेवत, एका हाताने कळ दाबणाऱ्या माणसाला लांबलचक वाक्ये पाठवणे शक्यच नव्हते. त्यातून 'घड्याळी संकेत' निघाला. नकाशावरील लक्ष्यावर सेल्युलॉइडची पारदर्शक चकती ठेवायची. तिच्यावर एकात एक वर्तुळे काढलेली असत आणि प्रत्येकाला अक्षर दिलेले असे. वाय म्हणजे 10 यार्ड, झेड 25, ए 50, बी 100, सी 200, असे करत एफ म्हणजे 500. दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगायची आणि बाराचा आकडा नेहमी खऱ्या उत्तरेला धरायचा. 'बी 4' एवढाच संदेश आला की बॅटरीवरील, म्हणजे तोफांच्या तुकडीवरील, अधिकाऱ्याला कळे, गोळा लक्ष्यापासून सुमारे शंभर यार्डांवर, चार वाजता तास-काटा असतो त्या दिशेला पडला आहे. एक अक्षर आणि एक आकडा यांत एवढे भरून पाठवणारी दुसरी पद्धत मला तरी या इतिहासात आढळलेली नाही.

त्याच युद्धाने 'बराज' हा शब्द जगभर नेला. मराठीत आपण त्याला सर्रास 'भडिमार' म्हणतो, आणि तिथे मूळ अर्थ हरवतो. हा फ्रेंच शब्द बंधाऱ्याचा आहे. आपल्या पायदळाच्या पुढे किंवा शत्रूच्या वाटेत स्फोटांची आडवी भिंत उभी करणे हा त्याचा हेतू असतो. प्रत्येक गोळ्याने कोणाला तरी मारलेच पाहिजे असे नसते. ही भिंत ठरलेल्या वेळापत्रकाने पुढे सरकवली की तो 'सरकता बराज' होई. एप्रिल 1917 मध्ये विमी रिजवर कॅनेडियन पायदळ दर तीन मिनिटांना शंभर यार्ड या गतीने अशा भिंतीच्या मागून चालत गेले. बचावात हीच कल्पना 'एसओएस' या नावाने आली. खंदकापुढील सर्वांत धोक्याची रेषा आधीच मोजून ठेवायची, तोफांना दुसरे काम नसेल तेव्हा त्या त्या रेषेवर रोखून ठेवायच्या, आणि टेलिफोनच्या तारा तुटल्या तरी खंदकातून रंगीत अग्निबाण उडताच मारा सुरू करायचा. अमेरिकी परिभाषेतले 'एफपीएफ', म्हणजे अंतिम संरक्षक मारा, हे याच कल्पनेचे पुढचे नाव.

20 नोव्हेंबर 1917 रोजी कँब्रे येथे सुमारे एक हजार ब्रिटिश तोफांनी आधी एकही चाचणी-गोळा न डागता एकदम मारा सुरू केला. त्यासाठी तोफेची जागा नकाशावर अचूक बसवलेली असणे, प्रत्येक नळीची झीज ठाऊक असणे आणि हवेचा दाब, तापमान, वारा यांची ताजी नोंद असणे आवश्यक होते. हवामानाच्या या नोंदीचा 'मेट' संदेश आजही तोफखान्यात नित्याचा आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात महत्त्वाचे काम अमेरिकेतील फोर्ट सिल येथील तोफखाना शाळेत झाले. 1929 ते 1931 या काळात मेजर कार्लोस ब्रूअर यांच्या नेतृत्वाखालील विभागाने गणिताचे काम प्रत्येक बॅटरीच्या प्रमुखाकडून काढून एका ठिकाणी आणण्याचा पाया घातला. ते ठिकाण म्हणजे 'एफडीसी', मारा-दिग्दर्शन केंद्र. निरीक्षकाने लक्ष्य नकाशावर कुठे आहे एवढे सांगायचे. कोणत्या तोफेने किती कोन लावायचा हे केंद्र काढणार. त्यामुळे एका निरीक्षकाच्या शब्दावर अनेक बॅटऱ्या एकाच लक्ष्यावर वळवता येऊ लागल्या. ब्रिटिशांनी वेगळी वाट धरली. त्यांचा पुढे जाणारा निरीक्षक, 'एफओओ', बहुधा कॅप्टन दर्जाचा असे आणि तो मारा मागत नसे, मारा करण्याचा हुकूम देई. ब्रिगेडियर जॅक पॅरम यांनी पुरस्कार केलेल्या पद्धतीत त्याने 'माईक टार्गेट' तीनदा उच्चारले की रेजिमेंटच्या 24 तोफा, 'अंकल टार्गेट' म्हटले की डिव्हिजनच्या 72 तोफा आणि 'व्हिक्टर टार्गेट' म्हटले की आवाक्यात असलेल्या कोअरच्या साऱ्या तोफा त्याच्या लक्ष्याकडे वळत. अमेरिकी भाषेत 'कॉल फॉर फायर' ही विनंती आहे, ब्रिटिश भाषेत तो हुकूम होता. शब्दांतला हा फरक अधिकार कोणाकडे आहे याचा फरक आहे.

'टीओटी' (टाइम ऑन टार्गेट) ही संज्ञा दुसऱ्या महायुद्धातली. वेगवेगळ्या अंतरांवरील तोफांचे गोळे लक्ष्यावर एकाच क्षणी पोहोचावेत, म्हणून प्रत्येक बॅटरी आपल्या गोळ्याचा उड्डाणकाळ ठरलेल्या वेळेतून वजा करून डागते. उघड्यावरची माणसे पहिला स्फोट होताच जमिनीवर आडवी होतात, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांतच सर्वाधिक हानी होते. त्या निष्ठुर हिशेबातून ही पद्धत आली. 'व्हीटी' हे गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या फ्यूजचे नाव तर मुद्दाम दिशाभूल करणारे होते. 'बदलता वेळ' असा त्याचा शब्दशः अर्थ, पण फ्यूजमध्ये होता तो रेडिओ-संच, जो जमीन जवळ आल्याचे ओळखून गोळा हवेतच फोडी. डिसेंबर 1944 मध्ये आर्देनच्या लढाईत तो जमिनीवरील सैन्याविरुद्ध वापरात आला.

आजच्या संभाषणाचा साचा या साऱ्यातून घडला आहे. निरीक्षक प्रथम आपले संकेतनाम आणि 'अ‍ॅडजस्ट फायर' असा पूर्वइशारा देतो, मग लक्ष्याची जागा, मग त्याचे वर्णन. प्रत्येक तुकडा केंद्राकडून जसाच्या तसा परत म्हणून दाखवला जातो. गोळा सुटला की 'शॉट', तो पडण्याच्या पाच सेकंद आधी 'स्प्लॅश', म्हणजे निरीक्षकाने नेमक्या त्याच क्षणी डोके वर काढून पाहावे. गोळा अलीकडे पडला तर 'अ‍ॅड 400', मग पलीकडे गेला तर 'ड्रॉप 200', पुन्हा अलीकडे तर 'अ‍ॅड 100', आणि तो पलीकडे पडताच 'ड्रॉप 50, फायर फॉर इफेक्ट'. यातले शेवटचे तीन शब्द म्हणजे आता परिणामासाठी पूर्ण मारा करा; लिहिताना ते 'एफएफई' होतात. आपले सैनिक लक्ष्यापासून 600 मीटरच्या आत असतील तर 'डेंजर क्लोज' हे शब्द जोडावेच लागतात, आणि मग सुधारणा शंभर मीटरपेक्षा मोठ्या करायच्या नसतात. अंतर मुंगीच्या पावलांनी कमी करत आणायचे असते.

या सुधारणा निरीक्षकापासून लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषेच्या संदर्भात दिल्या जातात. तो डावीकडे म्हणतो ते त्याचे डावे. तोफेचे डावे वेगळे असते आणि तो फरक केंद्र हिशेबात घेते. ड्रोनच्या बाबतीत मात्र ही रेषा स्थिर राहत नाही, कारण कॅमेरा लक्ष्याभोवती फिरत असतो आणि पडद्यावरचे डावे-उजवे घडीघडीला बदलते. म्हणून हवेतून पाहणाऱ्यासाठी संदर्भ-रेषा वेगळी ठरवून घ्यावी लागते. ती तोफ ते लक्ष्य अशी असू शकते, किंवा सरळ मुख्य दिशांची. तसे असले की ड्रोनचालक पडद्यावरचा स्फोट पाहून उत्तरेकडे पन्नास, पूर्वेकडे वीस असे कळवतो. सेल्युलॉइडच्या चकतीवर बाराचा आकडा उत्तरेला धरून विमानातून 'बी 4' पाठवणारा निरीक्षकही दिशा उत्तरेवरूनच सांगत होता, कारण त्याचे विमानही फिरतच होते.