मेडिकेअरचा पार्ट बी सुरू होतोय? आधी मेडिगॅप, मग पुण्याचं तिकीट

हे पत्रक न्यू जर्सीत राहणाऱ्या, पासष्टी गाठलेल्या किंवा गाठायला आलेल्या आमच्या विमा एजन्सीच्या ग्राहकांसाठी आहे, आणि आई-वडिलांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या त्यांच्या मुला-मुलींसाठीही. मेडिकेअर म्हणजे पासष्टीनंतरचा अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा, आणि मेडिगॅप म्हणजे मेडिकेअर भरत नाही तो तुमचा वाटा भरणारी खासगी कंपनीची पूरक पॉलिसी. पार्ट ए हॉस्पिटलचा, पार्ट बी डॉक्टरचा, पार्ट डी औषधांचा, एवढं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते इथे पुन्हा उगाळत नाही. खालचे आकडे २०२५ सालचे आहेत. दर जानेवारीत ते थोडेफार बदलतात.

नोव्हेंबर आला की आमच्या ऑफिसात एकच संभाषण पुन्हा पुन्हा होतं. "टीव्हीवर सांगतायत ओपन एन्रोलमेंट सुरू झालंय, सात डिसेंबरपर्यंत वेळ आहे. म्हटलं दिवाळी झाली, आता मेडिगॅपचं बघून टाकू." आम्ही विचारतो, पार्ट बी कधी सुरू झाला? "झालं की वर्ष." मग समोरच्याचा चेहरा पडतो आणि आमचाही.

१५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ही मुदत मेडिकेअर ॲडव्हान्टेज (मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीकडून घ्यायचा प्लॅन) आणि पार्ट डी यांच्यासाठी आहे. मेडिगॅपचा तिच्याशी काही संबंध नाही. मेडिगॅपची मुदत प्रत्येकाची वेगळी, आणि साधारणपणे आयुष्यात एकदाच मिळणारी. वय ६५ झालेलं आहे आणि पार्ट बी सुरू आहे, असं ज्या महिन्यात पहिल्यांदा जुळून येतं, त्या महिन्यापासून सहा महिने. या सहा महिन्यांत कुठलीही कंपनी तुमचा मधुमेह, स्टेंट किंवा गुडघ्याचं ठरलेलं ऑपरेशन बघून नाही म्हणू शकत नाही, की त्यासाठी जास्त प्रीमियमही लावू शकत नाही. सातव्या महिन्यात मात्र तब्येतीची प्रश्नावली समोर येते, आणि हो की नाही हे कंपनी ठरवते.

एका काकांचं उदाहरण सांगतो. त्यांचा पार्ट बी १ ऑक्टोबरला सुरू झाला. घरात भाच्याचं लग्न, शिवाय थंडी नको म्हणून दोघं दसऱ्यालाच पुण्याला गेले आणि ११ एप्रिलला परतले. मुदत ३१ मार्चला संपली होती. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. आम्ही तीन ठिकाणी अर्ज पाठवले, तिन्हीकडून नकार आला. ॲडव्हान्टेजमध्ये जायलाही त्यांना शरद ऋतूपर्यंत थांबावं लागलं. तोवर पार्ट बीच्या बिलांतले, मेडिकेअर भरत नाही ते वीस टक्के त्यांच्या खिशातून, आणि त्या वीस टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. जाण्यापूर्वी तासभर आमच्यासमोर बसले असते, तर हे काहीच झालं नसतं. बऱ्याच कंपन्या पार्ट बी सुरू होण्याच्या काही महिने आधीपासूनच मेडिगॅपचा अर्ज घेतात, त्यामुळे तिकीट ऑक्टोबरचं असलं तरी काम ऑगस्टमध्ये उरकता येतं.

मेडिगॅपचे प्लॅन जी, एन अशा इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. म्हणून फोनवर कोणी "जी प्लॅन कितीला पडेल?" एवढंच विचारलं, तर आम्ही आधी तारीख विचारतो. काहींना हे आवडत नाही, आम्ही टाळतोय असं वाटतं. पण तारखेशिवाय सांगितलेला भाव तुम्हाला मिळेलच असं नाही. लाल-पांढऱ्या-निळ्या मेडिकेअर कार्डावर पार्ट बीसमोर तारीख छापलेली असते. तिचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, पण त्या आधी अकरा अक्षरांचा नंबर बोटाने झाका. आणि कृपया तेच कार्ड पाठवा. दहातल्या चार जणांकडून औषधांच्या प्लॅनचं नाहीतर जुन्या ऑफिसच्या विम्याचं कार्ड येतं, आणि त्यात दोन दिवस जातात.

नोकरी चालू असेल तर?

वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत तुम्ही (किंवा तुमचे पती-पत्नी) काम करत असाल आणि तिथला विमा असेल, तर पार्ट बी दंडाशिवाय पुढे ढकलता येतो. मग मेडिगॅपचे सहा महिनेही पार्ट बी घ्याल तेव्हाच सुरू होतात. उलट, "असू दे दोन्ही" म्हणून नोकरीत असतानाच पार्ट बी घेतलात, तर घड्याळ तेव्हापासूनच चालू लागतं. अडुसष्टाव्या वर्षी रिटायर होताना ते कधीच थांबलेलं असतं. स्वतःचं दुकान किंवा चार-पाच माणसांची कन्सल्टिंग कंपनी असेल तर नियम वेगळा: तिथे मेडिकेअर पहिला पैसे देणारा, त्यामुळे पार्ट बी लांबवू नका. आणि कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून काही काळ चालू ठेवता येणारा जुन्या ऑफिसचा विमा, हा चालू नोकरीचा विमा नव्हे. त्याच्या भरवशावर दीड वर्ष काढलेल्या ग्राहकाला पार्ट बीचा दंड लागतो: उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे दहा टक्के, आणि तो सहसा आयुष्यभर.

ग्रीन कार्डवर आलेले आई-वडील

"मुलगा वीस वर्षं टॅक्स भरतोय, मग आईला पार्ट ए फुकट का नाही?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. मुलाचे क्रेडिट, म्हणजे इथे काम करून टॅक्स भरल्यावर जमा होणारे गुण, आई-वडिलांना लागू होत नाहीत. स्वतःचे किंवा पती-पत्नीचे चाळीस, म्हणजे सुमारे दहा वर्षांच्या कामाचे, क्रेडिट लागतात. भारतातली नोकरी त्यात धरली जात नाही, कारण दोन्ही देशांमध्ये तसा करार नाही. पासष्टी पार केलेल्या ग्रीन कार्डधारकाला इथे सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. तीसपेक्षा कमी क्रेडिट असतील तर पार्ट एचे महिन्याला ५१८ डॉलर आणि पार्ट बीचे १८५, म्हणजे मेडिगॅपच्या आधीच ७०३ डॉलर. हा आकडा ऐकून बरेच जण गप्प होतात. पण एकदा हे घ्यायचं ठरलं की मेडिगॅपचे सहा महिने त्यांनाही मिळतात, आणि मेडिगॅपसाठी ए आणि बी दोन्ही लागतात. एक बारीक गोष्ट: याआधी इथला सलग विमा नसेल, तर जुन्या आजारांच्या बाबतीत मेडिगॅप कंपनी सहा महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते. त्या काळात मेडिकेअर स्वतःचा वाटा देत राहतं.

कोणती कंपनी चांगली?

खरं तर आधी कोणतं अक्षर, मग कोणती कंपनी. प्लॅन जी म्हणजे जी. मोठ्या जाहिराती करणाऱ्या कंपनीचा जी आणि नाव न ऐकलेल्या कंपनीचा जी, या दोन्हींतले मूळ फायदे कायद्याने सारखेच असतात. (मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये ही अक्षरं चालत नाहीत. मुलगी बॉस्टनला असेल आणि तिच्याकडे जायचा बेत असेल तर आधीच सांगा.) मेडिकेअर घेणारा कोणताही डॉक्टर चालतो, नेटवर्कची भानगड नाही. म्हणून कंपनी-कंपनीत बघायचं ते प्रीमियम आणि तो वाढण्याची पद्धत. काही पॉलिसींत वय वाढेल तसा प्रीमियम वाढतो. काहींत घेतानाच्या वयावर ठरतो, काहींत सगळ्यांना एकच. महागाईची वाढ तिन्हींत होतेच. पासष्टाव्या वर्षी सगळ्यात स्वस्त दिसणारा जी पंचाहत्तरीला सगळ्यात महाग निघू शकतो, आणि तेव्हा बदलायचं तर पुन्हा प्रश्नावली. आम्ही भावाच्या कागदावर मागच्या काही वर्षांतली दरवाढही लिहून देतो. ऑनलाइन भाव काढून येणाऱ्यांनी निदान हे तरी विचारून यावं.

"मोठ्या बहिणीकडे एफ आहे, मलाही एफच द्या." एफ आणि सी हे दोन्ही १ जानेवारी २०२० पासून पुढे मेडिकेअरला पात्र झालेल्यांना मिळत नाहीत. बहिणीचा चालू राहील, तुम्हाला नवा काढता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका: जी आणि एफमध्ये फरक फक्त पार्ट बीच्या डिडक्टिबलचा (विम्याने पैसे देण्याआधी स्वतः भरायची रक्कम), म्हणजे वर्षाला २५७ डॉलर. ते सोडलं तर मेडिकेअरने मान्य केलेल्या सेवांमधला तुमचा वाटा जी भरतो. हॉस्पिटलात भरती झाल्यावर लागणारं १,६७६ डॉलरचं पार्ट एचं डिडक्टिबल त्यातच आलं.

आता जी की एन. आमचा खरा वेळ या तुलनेत जातो, आणि जावाच. एनचा प्रीमियम कमी असतो. त्याबदल्यात डिडक्टिबलनंतर डॉक्टरकडे दर खेपेला २० डॉलरपर्यंत, आणि भरती न होता इमर्जन्सीतून परत आलात तर ५० डॉलरपर्यंत द्यावे लागतात. महिन्याला एक खेप धरली तर वर्षाचे २४० डॉलर. जी आणि एनमधला वर्षाचा फरक याहून जास्त असेल, तर एन परवडतो. पण न्यू जर्सीत एक फट आहे. मेडिकेअरची रक्कम पूर्ण म्हणून न स्वीकारणारा डॉक्टर वर १५ टक्क्यांपर्यंत लावू शकतो, आणि एन ते भरत नाही. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राज्याच्या कायद्याने ही जादा आकारणी बंद आहे, इथे नाही. असे डॉक्टर थोडेच, पण तुमचा हृदयाचा डॉक्टर त्या थोड्यांतला नाही ना, हे एक फोन करून विचारा. एवढं विचारून जो एन घेतो, तो सहसा समाधानी राहतो. न विचारता घेतलेल्यांची पत्रं आमच्या टेबलावर येतात. ज्यांना दर बिलाची चिंता करायची सवय आहे, त्यांना आम्ही सरळ जी सुचवतो. झोप लागणं हाही हिशेबाचाच भाग.

जोडप्यांसाठी: एकत्र पॉलिसी नसते, प्रत्येकाची वेगळी. काही कंपन्या एका घरात दोघं असल्यास सूट देतात. ती मागावी लागते, आपोआप लागेलच असं नाही.

भारतात चालतं का?

मेडिकेअर भारतात चालत नाही, असंच समजून चला. सी, डी, एफ, जी, एम आणि एन या प्लॅनमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीसाठी थोडी सोय आहे: २५० डॉलर तुमचे, उरलेल्याचे ८० टक्के कंपनीचे, आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. अट एवढीच की इमर्जन्सी प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेली हवी. म्हणजे गणपतीला गेलात आणि डिसेंबरात कोथरूडला पाय मोडला, तर मेडिगॅपकडून काही मिळणार नाही. पाच-सहा महिने राहणाऱ्यांनी वेगळा प्रवास विमा घ्यावा, तो आम्ही काढून देतो. पहिल्या ६० दिवसांतलं बिल असेल तर तिथले पैसे आधी भरून इथे क्लेम करायचा असतो, म्हणून डिस्चार्ज समरी आणि प्रत्येक खर्च वेगळा लिहिलेलं बिल हवं. नुसती "एकूण दोन लाख दहा हजार" अशी पावती घेऊन येऊ नका. आणि तिकडे असताना पार्ट बीचा हप्ता थांबवायची चूक तर मुळीच नको.

ॲडव्हान्टेजबद्दल आम्ही वाईट बोलत नाही, तेही आम्ही विकतो. प्रीमियम बऱ्याचदा शून्य, दात-चष्म्याची सोय, वर्षाच्या खर्चाला मर्यादा. पण नेटवर्क आणि आधी मंजुरी हा व्याप सोबत येतो, आणि सलग सहा महिन्यांहून जास्त काळ प्लॅनच्या भागाबाहेर राहिलात तर प्लॅनमधून नाव निघू शकतं. वर्षातला अर्धा काळ भारतात काढणाऱ्याला ते कितपत सोयीचं, तुम्हीच बघा. पासष्टीला पहिल्यांदा ॲडव्हान्टेज घेतला असेल आणि पटला नाही, तर पहिल्या बारा महिन्यांत प्रश्नावलीशिवाय मेडिगॅपकडे परतता येतं. तेरावा महिना लागू देऊ नका.

"क्वीन्सची मावसबहीण म्हणते, मेडिगॅप केव्हाही बदलता येतं." तिचं बरोबर आहे. न्यूयॉर्कात वर्षभर प्रश्नावलीशिवाय मिळतं, म्हणून तिथले प्रीमियमही चढे. आपण हडसनच्या अलीकडे, न्यू जर्सीत आहोत, इथे तसं नाही.

दोन गोष्टी आमच्या बाजूने. आमचं कमिशन कंपनी देते. तुम्ही थेट घेतलंत तरी प्रीमियम तोच राहतो. आमच्याकडे बाजारातल्या सगळ्या कंपन्या नाहीत. ज्याला आमच्याशिवाय तुलना करायची आहे त्याने राज्याच्या शिप या मोफत सल्ला सेवेकडे किंवा १-८००-६३३-४२२७ वर मेडिकेअरकडे जरूर विचारावं. दुसरं म्हणजे प्रश्नावलीत "नाही लिहा हो, कोण बघतंय" असा आग्रह आमच्याकडे धरू नये. क्लेमच्या वेळी कंपनी जुने रेकॉर्ड मागवू शकते. खोटं निघालं तर पॉलिसी जाते, आणि त्या खोट्या फॉर्मवर आमचीही सही असते. पॉलिसी आल्यावर ३० दिवसांत परत केली तर भरलेले पैसे परत मिळतात, तेव्हा घाईत घेतली म्हणून अडकलो असं होत नाही.

मेडिगॅपमध्ये औषधं येत नाहीत. पार्ट डी वेगळा घ्यावा लागतो. त्यासाठी येताना औषधांच्या बाटल्याच पिशवीत घालून आणा. "ती पांढरी, सकाळची" यावरून प्लॅन शोधता येत नाही.

१५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या दिवसांत आमचे फोन सतत चालू असतात. म्हणून त्या काळात शनिवारची सकाळ फक्त नव्याने पार्ट बी सुरू होणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे. वेळ आधी घ्या, कार्ड सोबत आणा, आणि पुण्याचं तिकीट काढलेलंच असेल तर त्याची तारीखही फोनवरच सांगा.