निद्रा व जागृती व्यवस्थापन (मोबाइल ऑपरेटिंग सिस्टिम)

मोबाइलचा पडदा विझल्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसर, मेमरी आणि इतर घटकांना कमी वीज लागणाऱ्या अवस्थांत नेते, आणि कळ दाबली गेली, कॉल आला किंवा गजराची वेळ झाली की त्यांना पुन्हा कामाला लावते. या कार्यपद्धतीला निद्रा व जागृती व्यवस्थापन म्हणतात. अभियंत्यांच्या बोलण्यात ‘सस्पेंड’ (झोपवणे), ‘रिझ्यूम’ (पुन्हा कामावर आणणे) आणि ‘वेकअप’ (जागे करणे) हेच शब्द रूढ असल्याने या नोंदीतही ते तसेच ठेवले आहेत.

कमी विजेच्या अवस्थांचे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात. पुढे वर्णन केलेला वाद मुख्यतः याच भेदावर उभा आहे. पहिला प्रकार ‘आयडल’ अवस्थेचा. करण्याजोगे काम उरले नाही की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेसरला इंटरप्टची (लक्ष वेधणाऱ्या संकेताची) वाट पाहत थांबण्याची सूचना देतो. अवस्था जितकी खोल तितकी बचत अधिक, पण परतायला लागणारा वेळही अधिक. त्यामुळे प्रोसेसर किती काळ रिकामा राहील याचा अंदाज बांधूनच अवस्था निवडली जाते. पूर्वी घड्याळाचा नियमित ठोका प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा उठवत असे. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी घडवलेली, रिकाम्या वेळी हा ठोका बंद ठेवणारी योजना एप्रिल २००७ मधील लिनक्स (अँड्रॉइडही ज्यावर उभे आहे तो कर्नल) २.६.२१ मध्ये आली आणि मगच खोल आयडल अवस्थांना अर्थ आला. दुसरा प्रकार संपूर्ण ‘सस्पेंड’चा. यात काम शिल्लक असलेले प्रोग्रॅमही गोठवले जातात. त्यानंतर ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम) एकेक करून आपापली उपकरणे बंद करतात, प्रोसेसरचे एक सोडून बाकीचे सर्व कोअर थांबवले जातात आणि रॅम केवळ आतील मजकूर टिकवण्यापुरती जागी राहते. उपकरणे बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा असतो: टच पॅनेल ज्या बसवर (उपकरणे जोडणाऱ्या सामाईक मार्गावर) जोडलेले असते, त्या बसचा नियंत्रक पॅनेलच्या आधी झोपला तर पॅनेलला झोपण्याचा आदेशच पोहोचत नाही. परतताना हाच क्रम उलटा होतो. या काळात जागे राहतात ते थोडेच: घड्याळाची चिप, वीज नियंत्रित करणारी चिप, इंटरप्ट ओळखणारा एक लहान भाग आणि मोबाइल नेटवर्कशी संपर्क ठेवणारा, स्वतःचा वेगळा प्रोसेसर असलेला मोडेम.

या संकल्पना मोबाइलपूर्व काळातल्या आहेत. संगणकांच्या वीज व्यवस्थापनासाठीचे इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांचे ‘एपीएम’ मानक १९९२ चे, तर इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांचे ‘एसीपीआय’ डिसेंबर १९९६ चे. रॅम जिवंत ठेवून बाकी सर्व बंद करण्याची ‘एस३’ अवस्था त्यातूनच परिचित झाली. हातात मावणाऱ्या उपकरणांपैकी १९९६ मध्ये बाजारात आलेल्या पामच्या प्रणालीत ‘स्लीप’, ‘डोझ’ आणि ‘रनिंग’ अशा तीन स्थिती होत्या. तेथे ‘डोझ’ म्हणजे उपकरण चालू दिसत असताना प्रोसेसरने घेतलेली डुलकी. अँड्रॉइडमध्ये हेच नाव पुढे अगदी वेगळ्या गोष्टीला मिळाले, त्यामुळे जुनी तांत्रिक कागदपत्रे वाचताना घोटाळा होऊ शकतो.

‘वेकलॉक’ ही अँड्रॉइडची ओळख ठरलेली यंत्रणा. लॅपटॉप झोपवायचा की नाही हे सहसा माणूस ठरवतो. अँड्रॉइडने हा क्रम उलटवला. कोणी हरकत घेत नसेल तर प्रणालीने संधी मिळताच झोपावे आणि ज्याला ती जागी हवी असेल त्याने तसा वेकलॉक धरावा, असा हा नियम आहे. लहान उपकरणांसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीई मध्ये एखाद्या उपकरणाला किमान विशिष्ट ऊर्जास्थितीत ठेवण्याची मागणी प्रोग्रॅम नोंदवू शकत असे, हे वेकलॉकचे पूर्वरूप म्हणून दाखवता येईल. मात्र तेथे मागणी एका उपकरणापुरती होती, तर येथे हरकत संपूर्ण प्रणालीच्या झोपेला आहे. त्यामुळे दोहोंत थेट वारसा मानण्यापेक्षा साधर्म्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ऑक्टोबर २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन विक्रीस आला तेव्हा वेकलॉक त्यात होतेच. गूगलचे आर्वे ह्योनेवोग यांनी २००९ च्या सुरुवातीस ते मुख्य लिनक्स कर्नलसाठी मांडले आणि दीर्घ वाद सुरू झाला. आक्षेप मुख्यतः असा, की वाईट लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला वारंवार उठवत असेल तर त्या प्रोग्रॅमची दुरुस्ती व्हावी. सगळ्यांनाच गोठवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. २००९ च्या अखेरीस आलेल्या नोकियाच्या एन९०० ने संपूर्ण सस्पेंडवर न विसंबता खोल आयडल अवस्थांवर भिस्त ठेवली होती, हे उदाहरण या बाजूला बळ देणारे होते. प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की कोणाचेही अ‍ॅप कोणीही बसवू शकेल अशा फोनवर प्रत्येक प्रोग्रॅम नीट वागेल असे धरून चालता येत नाही. वेकलॉकवर अवलंबून असलेले ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये घेता येईनात, आणि २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीतून अँड्रॉइडचा प्रायोगिक कोड काढूनही टाकण्यात आला. त्याच वर्षी ‘सस्पेंड ब्लॉकर’ असे नवे नाव देऊन ही यंत्रणा पुन्हा मांडली गेली, पण नावामुळे मतभेद मिटले नाहीत.

या वादातून एक खरी तांत्रिक अडचण मात्र स्पष्ट झाली. प्रणालीने झोपायचे ठरवले आणि त्यानंतरच्या क्षणी, प्रत्यक्ष झोपेपूर्वी, मोडेमने संदेश आणला, तर इंटरप्ट हाताळला जातो, पण संदेश वाचणारा प्रोग्रॅम तोवर गोठलेला असतो. संदेश रांगेत पडून राहतो आणि फोन झोपी जातो. वेकलॉकचे उत्तर हातोहात सोपवण्याचे आहे: ड्रायव्हर इंटरप्टमध्येच आपला लॉक धरतो, प्रोग्रॅम रांग वाचण्यापूर्वी स्वतःचा लॉक धरतो, आणि रांग रिकामी झाल्यावरच ड्रायव्हर आपला सोडतो, मध्ये एक क्षणही मोकळा राहत नाही. लिनक्सच्या वीज व्यवस्थापनाचे काम पाहणारे राफाएल विसोत्स्की यांनी २०१० मधील २.६.३६ आवृत्तीत दिलेले उत्तर मोजणीचे होते. कर्नल जागृतीच्या घटनांची मोजदाद ठेवतो. झोपवू पाहणारा प्रोग्रॅम तो आकडा वाचतो आणि, आपली तयारी झाल्यावर, तोच परत लिहितो. दरम्यान नवी घटना घडली असेल तर हे लेखन नाकारले जाते. लेखन स्वीकारल्यानंतर घटना घडली तर चालू असलेला सस्पेंड अर्ध्यातून मागे फिरतो. जुलै २०१२ मधील लिनक्स ३.५ मध्ये आपोआप झोपण्याची सोय आणि वेकलॉकसारखा वापर करू देणाऱ्या फाइली मुख्य प्रवाहात आल्या. अँड्रॉइड १० पासून झोपेचा निर्णय घेणारी सेवा हाच मोजणीचा आकडा वाचते आणि लिहिते, हे पाहता विसोत्स्कींची रचनाच टिकाऊ ठरली असे म्हणण्यास हरकत नाही; मात्र अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या तोंडी शब्द राहिला तो वेकलॉकच.

पुढचे बदल धोरणाच्या पातळीवरचे आहेत. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ ने सामान्य गजर थोडे पुढेमागे सरकवून एकत्र वाजवण्यास सुरुवात केली, म्हणजे दहा अ‍ॅप दहा वेळा न उठता एकदाच उठतील. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मधील ‘डोझ’ त्याहून कडक आहे: फोन चार्जरला नसेल, पडदा बंद असेल आणि फोन काही काळ हललाच नसेल, तर नेटवर्क बंद होते, अ‍ॅपचे वेकलॉक दुर्लक्षिले जातात, आणि साचलेली कामे उत्तरोत्तर लांबत जाणाऱ्या अंतराने येणाऱ्या छोट्या खिडक्यांत उरकली जातात. डोझमध्येही वाजण्याची मुभा मागणारा गजर एका अ‍ॅपला नऊ मिनिटांतून एकदाच मिळतो. वापरकर्त्याने घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये लावलेल्या गजराला मात्र ही मर्यादा नाही, त्याच्या थोडे आधी प्रणाली डोझमधून बाहेर येते. पुढच्याच वर्षी, अँड्रॉइड ७ मध्ये, फोन खिशात हलत असतानाही लागू होणारा सौम्य डोझ आला.

अ‍ॅपलने पार्श्वभूमीत काम करण्याची मुभाच मुळात थोडी ठेवली. २००९ मध्ये आयफोनला मिळालेल्या पुश सूचनांमुळे प्रत्येक अ‍ॅपने सर्व्हरशी स्वतंत्र जोडणी जागी ठेवण्याची गरज उरली नाही, आणि २०१० च्या आयओएस ४ ने ध्वनी, स्थान, इंटरनेट कॉल अशा मोजक्या कामांनाच पार्श्वभूमीत जागा दिली.

दोषांपैकी सर्वांत परिचित दोष म्हणजे धरलेला वेकलॉक न सोडणे. बहुधा लॉक सोडण्याची ओळ कोडमध्ये असते, पण मध्येच त्रुटी उद्भवून नियंत्रण दुसऱ्या वाटेने गेले की ती ओळ चालतच नाही आणि पडदा काळा असूनही प्रोसेसर रात्रभर जागा राहतो. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये अशा ‘नो-स्लीप’ दोषांचे वर्गीकरण करून कोडच्या विश्लेषणातून ते शोधण्याची पद्धत मांडली. लॉक धरतानाच कालमर्यादा देणे हा त्यावरचा साधा बचाव. शोध घेताना कर्नलच्या डीबग (दोष शोधण्यासाठीच्या) विभागातील ‘वेकअप सोर्सेस’ ही यादी प्रथम पाहिली जाते. तीत प्रत्येक स्रोत किती वेळा सक्रिय झाला, एकूण किती काळ जागा होता आणि त्याने झोप किती काळ अडवली हे मिलिसेकंदांत दिलेले असते. सक्रिय होण्याची संख्या कमी पण एकूण काळ प्रचंड असेल तर न सुटलेल्या लॉकचा संशय घ्यावा. संख्या प्रचंड आणि प्रत्येक वेळचा काळ नगण्य असेल, तर बहुधा एखादे उपकरण किंवा नेटवर्कवरील रहदारी फोनला पुन्हा पुन्हा उठवत असते.